पावणेबारा इंच

११ मार्च, मंगळवार

खोऱ्यातल्या नेमबाजांनो, तुमच्या-माझ्या घशात एकच काटा अडकलेला आहे. वर्षभर आपण या टेकडीखाली पालथे पडतो, कोपरं सोलून घेतो, चिखल गिळतो. आणि बिल्ल्याच्या सामन्यात रायफल अडली, तर नियम म्हणतो, अडली तर अडली. न झाडलेली गोळी म्हणजे शून्य. साध्या सामन्यात फेरी पुन्हा मिळते. जिथे वर्षांची कमाई पणाला लागलेली असते, तिथेच ती मिळत नाही. हा कुठला न्याय?

इथवर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. एप्रिलच्या क्लबच्या सभेत मला बोलायचं आहे. काच कारखान्याच्या युनियनचा मी उभा जन्म आवाज होतो. मालकांच्या वकिलांना घाम फोडला आहे. शब्द अजून येतात, हाक मारली की रांगेत उभे राहतात. त्यांच्या मागून काही येत नाही.

काल मुलाला जाऊन चाळीस दिवस झाले, चर्चमध्ये त्याचा चाळिसावा झाला. जानेवारीच्या शेवटी फाटकापाशी बर्फ उपसताना तो खाली बसला आणि उठला नाही. बेचाळीस वर्षांचा होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली, माझी बायको बर्नाडीन गायली, मी ओठ हलवले. सुनेच्या, कोरीनच्या, डोळ्यांत टिपूस नव्हतं. दगड आहे ती. तिचा राग यायला हवा, तोही येत नाही. चर्चच्या तळघरात मशरूमचं सूप आणि पिरोही, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, होत्या. सूप गरम होतं.

परत आल्यावर कोरीन अंगणात त्याच्या ट्रकमध्ये बराच वेळ बसून होती, इंजिन बंद ठेवून. बॅटरी तपासत असावी. थंडीत बॅटऱ्या उतरतात.

१४ मार्च, शुक्रवार

कोरीन आली. बूट दारातच काढले, कोट काढला नाही.

"पॉप, माझ्या रायफलची नळी संपलीय. गोळ्या पसरायला लागल्यात. नवी सप्टेंबरशिवाय मिळत नाही म्हणतात."

"मग सप्टेंबर."

"जुलैत खांद्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर पट्टा आवळून पालथं पडणं बंद. जूनचा सामना शेवटचा."

बिल्ला म्हणजे नेमबाजाचा सगळ्यात मोठा मान, त्याला तीस गुण लागतात. ते वर्षानुवर्षं साठत जातात. सामन्यात वरच्या दहा टक्क्यांत आलं, तर कमीत कमी सहा पदरात पडतात. कोरीनकडे चोवीस आहेत. आमच्या क्लबात आजवर कुणाही बाईने बिल्ला लावलेला नाही, पुरुषांतही दोघांनीच.

"मग आता?" मी विचारलं.

"मायरनची द्या ना. तळघरातली."

बर्नाडीन भांडी घासत होती. मुलाचं नाव ऐकून तिचा हात थांबला. मी म्हणालो, "तयार करून देतो."

"स्प्रिंग तेवढी बघा हं पॉप. दोन मोसम झाले तिला."

"मला शिकवतेस?"

"नाही हो. सांगितलं आपलं."

१६ मार्च, रविवार

तळघरात बसलो. रायफल मधून उघडली, खिटी दाबली, धक्का झेलणारा बफर आणि स्प्रिंग हातात उसळून आले.

क्लबात नव्या लोकांना मी सांगतो, नळीवर आणि दुर्बिणीवर पैसे उधळता, आणि दस्त्यातल्या या वेटोळ्याकडे ढुंकून बघत नाही. गोळी सुटली की बोल्ट मागे धावतो, बफरवर आदळतो, बफर स्प्रिंगला दाबतो. मग स्प्रिंग सगळ्यांना परत पुढे लोटते आणि जाता जाता नवं काडतूस नळीत बसतं. मागे जायला दारूचा जोर असतो. पुढे यायला फक्त स्प्रिंग. मोडलेली स्प्रिंग आंधळ्यालाही कळते. दमलेली कुणाला कळत नाही, ती दिसते तशीच दिसते. म्हणून पट्टी लावायची.

पट्टी लावली. या लांबीच्या दस्त्याला स्प्रिंग पावणेबारा इंचांपेक्षा आखूड चालत नाही. ही साडेअकरा भरली.

नवी स्प्रिंग कपाटात आहे, पाकीट फोडलेलं नाही.

जुनीच परत बसवली. कारण लिहून ठेवतो. गेल्या ऑगस्टमध्ये याच स्प्रिंगवर तो राज्यात अकरावा आला होता. झणकार गालाच्या हाडाला लागू नये म्हणून त्याने वेटोळी स्वतः घासून गुळगुळीत केली होती. चालत्या यंत्राला हात लावू नये, हा भट्टीवरचा पहिला धडा. ग्रीससुद्धा पुसलं नाही. पुसायला हवं होतं, जुनं ग्रीस धूळ धरतं. पुसलं नाही.

बफर मात्र बदलला. तो दुकानातून आलेला, कुणाचाही असतो तसा. कानाशी धरून हलवला, आतली वजनं टकटक वाजली, म्हणजे चांगला होता. तरी जड बसवला. जड बफर पुढे येताना जास्त रेटा देतो, म्हणजे स्प्रिंगची कसर भरून निघेल. हिशोब बरोबर वाटतो.

बर्नाडीन त्याची लोकरीची टोपी शोधायला खाली आली होती. खुंटीपाशी उभी राहिली, आणि टोपी न घेताच वर गेली. तळघरातला दिवा मंद आहे. मोठा लावायला हवा.

१२ एप्रिल, शनिवार

सभा झाली. मी बोललो. माणसं उभी राहिली, टाळ्या झाल्या, दोघांनी डोळे पुसले. "एकदाच मिळते ती संधी नव्हे, तो सापळा आहे!" असं म्हणालो तेव्हा खुर्च्या हलल्या. राष्ट्रीय समितीला अर्ज पाठवायचा ठराव झाला. मी पाणी प्यायलो. पाणी कोमट होतं.

नंतर डेल्बर्ट योहो आला. भट्टीवर आम्ही शेजारी शेजारी होतो, आता फक्त सामन्यात शेजारी असतो.

"एमिल, तुझ्या भाषणाने माझ्या बायकोचं ऐकायचं यंत्र जळलं."

"मग आता तुझी सुटका झाली."

"सुटका कसली? आता ती मोठ्यांदा बोलते." मग तो माझ्या बशीकडे वळला. "भाषण झकास झालं. पण मला विचारशील तर, तू समितीशी भांडत नव्हतास."

"मग कुणाशी?"

"मला काय माहीत! मी फक्त सातवी पास." त्याने माझ्या बशीतला शेवटचा केक उचलला आणि गेला.

डेल्बर्टला कधी कधी काय म्हणायचं असतं ते त्यालाच ठाऊक.

३ मे, शनिवार

कोरीनने पहिल्यांदा त्याची रायफल झाडली. सावकाश फेरीत झकास. दुर्बिणीतून बघत होतो, गोळ्या जणू एकाच खिशात पडत होत्या. मग जलद फेरी. आधी दोन गोळ्या, मग मॅगझिन बदलून आठ. दुसरं मॅगझिन बसवलं, एक गोळी सुटली आणि बोल्ट अर्ध्यावर थांबला. काडतूस तिरकं, नाक वर.

तिने अडलेलं काडतूस काढलं, रायफल रिकामी करून चटईवर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"पॉप?"

"मॅगझिनच्या तोंडाचा ओठ वाकलाय."

"ओठ?"

"वाकलाय थोडा. डोळ्याला दिसत नाही."

"डोळ्याला दिसत नाही तर तुम्हाला कसं दिसलं?"

डेल्बर्ट शेजारच्या चटईवरून म्हणाला, "त्याला भाषणात बऱ्याच गोष्टी दिसतात, कोरी."

मी मॅगझिनवर लाल खूण केली आणि बाजूला टाकलं. कोरीनने दुसरं मॅगझिन भरलं. नंतर दोन फेऱ्या बिनबोभाट गेल्या. म्हणजे मॅगझिनच होतं.

२४ मे, शनिवार

कडक ऊन पडलं होतं. तिन्ही जलद फेऱ्या स्वच्छ. एकही अडकाठी नाही. कोरीनचे गुण तिच्या स्वतःच्या रायफलपेक्षा वर गेले. क्लबात सगळे "बिल्ला, बिल्ला" करत होते. कुणीतरी तिच्या टोपीला बाटलीचं झाकण टोचलं, तालीम म्हणून.

रायफल मी साफ करतो म्हणालो, तर तिने ऐकलं नाही. तीच तळघरात बसली. बर्नाडीनने कोबी-नूडल्स केल्या होत्या. त्या निवल्या तरी ती वर येईना. आली तेव्हा हात धुतलेले नव्हते, ग्रीसने काळे होते. तसेच टेबलावर ठेवून बसली. बर्नाडीनला घाणेरडे हात खपत नाहीत, आज तिने त्या हातांपुढेच ताट सरकवलं.

रात्री खाली गेलो तर पट्टी बाकावर होती. मी ती कपाटात ठेवली होती असं पक्कं आठवतं. वय झालं.

१४ जून, शनिवार

पहाटेपासून भुरभुर पाऊस. जून असून कोट घालायला लागला.

दोनशे यार्डांवरच्या फेऱ्यांनंतर कोरीन पहिल्या पाचांत होती. उभ्याने झाडायच्या गोळ्यांत माणसं गळतात, ती गळली नाही. बाकी होती ती तीनशेवरची जलद फेरी आणि सहाशेवरची सावकाश. सहाशे तिचं घर आहे. म्हणजे सगळं तीनशेवर होतं.

त्या फेरीला माझी पाळी खड्ड्यात होती. फलकांखालच्या काँक्रीटच्या खंदकात आम्ही उभे असतो. गोळ्या डोक्यावरून हवा फाडत जातात, आणि वेळ संपली की फलक खाली ओढून भोकं मोजायची, दुरून दिसतील अशा चकत्या लावून परत वर लोटायचा. तिथून झाडणारा माणूस दिसत नाही. नुसता कागद दिसतो. स्वतःच्या गोळ्या कुणीच मोजत नाही, आणि घरच्या माणसाचा फलकही ओढायचा नाही असा आमचा जुना संकेत आहे. कोरीनचा फलक डेल्बर्टकडे होता. मी त्याच्या शेजारी, दुसऱ्या कुणाच्या फलकावर.

फलक वर गेले. गोळ्यांचा गडगडाट झाला. मग शांत झालं. खाली ओढले. माझ्यावर दहा भोकं. चकत्या लावायला घेतल्या.

डेल्बर्ट गप्प, असं कधी होत नाही.

"काय रे?"

"आठ."

"नीट बघ. एका भोकातून दोन गेल्या असतील."

"बघितलं."

"पुन्हा बघ."

"एमिल, तू तिथेच थांब. मी बघतो."

त्याने कागदावर नाक टेकवलं. बोट फिरवलं. चौकट बघितली, पाठीमागचं लाकूड बघितलं. पाऊस कागदावर पडत होता.

"आठ, म्हाताऱ्या." मग हळू म्हणाला, "आठही मधल्या काळ्यात आहेत."

मला खड्ड्यातल्या टेलिफोनवरून वर विचारायचं होतं. विचारून काय होणार होतं? बिल्ल्याचा सामना. अडली तर अडली. डेल्बर्टने फलक वर लोटला. दोन चकत्या त्याच्या हातातच उरल्या होत्या, त्या त्याने खिशात घातल्या.

सहाशेवर तिने शर्थ केली. वरच्या दहा टक्क्यांत यायला फलकावरचे सात गुण कमी पडले.

गाडीपाशी ती थर्मासातून कॉफी ओतत होती. मी म्हणालो, "मॅगझिन?" ती म्हणाली, "साखर नाही चालेल ना, पॉप?" येताना मी समोरच्या काचेकडे बघत होतो. वायपरचं रबर झिजलं आहे.

१५ जून, रविवार

आज वडिलांचा दिवस. चर्चमध्ये पाद्रीबुवा बापांना उभं राहायला सांगतात. उभं राहायचं की नाही ते कळेना. बर्नाडीनने कोपर मारलं, म्हणून उभा राहिलो.

दुपारी कोरीन रायफल घेऊन आली. मागच्या पायऱ्यांवर बसलो.

"ही ठेवा."

"मॅगझिन आणलंस का? बघू दे."

"मॅगझिनला काही झालेलं नाही."

"मग बफर असेल. मी जड घातला होता. थंडीत, पावसात..."

"पॉप. स्प्रिंग साडेअकरा आहे."

"कुणी सांगितलं तुला?"

"मी मोजली. गेल्या महिन्यात, तुमच्याच पट्टीने."

मी तिच्याकडे बघितलं. ती रायफलकडे बघत होती.

"मग बदलली का नाहीस? नवी तिथेच होती, कपाटात. सामना तुझा. बिल्ला तुझा. पुन्हा ती संधी नाही हे तुला माहीत होतं!" माझा आवाज चढला. बऱ्याच महिन्यांनी चढला.

"तुम्ही का नाही बदललीत?"

मालकांच्या वकिलांना उत्तरं देणारा माणूस मी. रायफलचा पट्टा सरळ करत बसलो.

"पाकीट फोडलं होतं मी," ती म्हणाली. "जुनी काढून बाकावर ठेवली होती. मग वास आला. ट्रकच्या चाकांचं ग्रीस लावायचा हो तो! रायफलला! किती वेळा सांगितलं, अरे, रायफलचं वेगळं मिळतं. तर म्हणायचा, डबा उघडलाय तर संपवतो. कंजूष, गाढव कुठला!"

आणि ती हसायला लागली. गाढव, गाढव म्हणत हसत सुटली. हसणं थांबेना, खांदे हलायला लागले, श्वास लागेना. बर्नाडीन धावत बाहेर आली आणि तिला धरून आत घेऊन गेली. आतून बराच वेळ दोघींचा आवाज येत होता.

मी पायरीवर बसून रायफल पुसली. ती पुसलेलीच होती.

२१ जून, शनिवार

सकाळी उठून सरळ डेल्बर्टकडे गेलो. तो कोंबड्यांना दाणे टाकत होता. मी खिशातून स्प्रिंग काढून त्याच्यापुढे धरली.

"मोज."

"तू मोजली असशीलच की."

"मी मोजली. कोरीनने मोजली. आता तू मोज."

त्याने हात पँटला पुसले, गॅरेजमधून पट्टी आणली, चष्मा शोधला, सापडेना, तो डोक्यावरच होता. स्प्रिंग बाकावर ठेवली, न ओढता, न दाबता.

"साडेअकरा. पावसुद्धा वर नाही."

"चालेल?"

"नाही." मग त्याने माझ्याकडे बघितलं. डेल्बर्टच्या तोंडावर विनोद नसला की तो कुणी वेगळाच माणूस वाटतो. "मायरनची आहे ना?"

मी मान हलवली.

"मी टाकू?"

मी होय म्हणालो असेन. आवाज ऐकला नाही. तो मागच्या दाराने गेला, भंगाराच्या पिंपात काहीतरी पडलं. परत आला तेव्हा हातात अंडी होती. "घेऊन जा. बर्नाडीनला सांग, पिवळा बलक बघ कसा आहे."

घरी येऊन अंडी खाल्ली. दोन. जानेवारीनंतर पहिल्यांदा चव कळली. मीठ कमी होतं.

२७ जून, शुक्रवार

उद्या सकाळी सरावाआधी बोलायचं आहे. कोरीन येणार आहे. झाडायला नाही, खड्ड्यात फलक ओढायला. ऑपरेशन दहा दिवसांवर आलं, तरी ऐकत नाही. बर्नाडीनही येते म्हणाली, चाळीस वर्षांत ती कधी मैदानावर आलेली नाही. त्याची टोपी घालून येणार आहे. जूनमध्ये लोकरीची टोपी!

काय बोलायचं ते लिहून ठेवतो, कारण उभ्याने आठवेल याचा आता भरवसा नाही.

मित्रांनो, मी तुम्हाला वर्षानुवर्षं सांगत आलो की पट्टी लावा. तुम्ही मान डोलावलीत. तुमच्यातल्या निम्म्यांनी लावली असेल. मीही लावली. पट्टी खोटं बोलली नाही. आकडा साडेअकरा होता आणि मी तो वाचला. माझ्या सुनेनेही वाचला. दोघांना काम येतं, दोघांकडे डोळे आहेत, नवी स्प्रिंग हाताच्या अंतरावर होती. तरी आम्ही दोघांनी ती दमलेली स्प्रिंग परत आत सारली आणि एकमेकांना काही सांगितलं नाही. ती माझ्या मुलाची, मायरनची, होती. कोरीन बिल्ल्याला मुकली ती पावसामुळे नाही, नियमामुळे नाही.

तुम्ही म्हणाल, आमचं तसं काही नाही. आहे. कुणाची स्प्रिंग बापाने बसवलेली आहे. कुणाची नशिबाची आहे, तिच्यावर पहिलं पदक मिळालं. कुणाला नुसता आळस आहे, आणि आळसाला तो अनुभव म्हणतो. आपल्या वस्तूला माणूस पट्टी लावतो ती पास करण्यासाठी.

खड्ड्यात आपण स्वतःची भोकं मोजत नाही. घरच्यांचीही नाही. का? आपण लबाड आहोत म्हणून? नाही. आपलं माणूस म्हटलं की आठाची दहा दिसतात म्हणून. ज्याने हा संकेत पाडला त्याला माणसं कळत होती. मग कागदाला जो न्याय, तोच रायफलच्या आत का नाही?

मला ठराव नको. समिती नको. अर्ज तर नकोच. टाळ्याही नकोत, हात मोकळे ठेवा, त्यांना काम आहे.

रायफली रिकाम्या आहेत याची खात्री करा. उघडा. स्प्रिंग बाहेर काढा. पुसू नका, मोजू नका, तिच्याकडे बघतसुद्धा बसू नका. डावीकडे जो उभा असेल त्याच्या हातात द्या, आणि तो सांगेल तो आकडा ऐका. आज पहिली गोळी झाडण्याआधी. आत्ता. द्या.